देवनागरी मजकुरातील रेग्युलर एक्स्प्रेशन : ‘बुद्रुक’ सापडते, ‘बु.’ सापडत नाही

तेरणाकाठ (धागाकर्ता)

सर्व सदस्यांना नमस्कार.

औसा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांची यादी एकत्र करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. ही यादी निरनिराळ्या गावांतील लोकांनी, कोणी संगणकावर तर कोणी मोबाइलवर, टंकलेली आहे. त्यामुळे एकाच गावाचे नाव ‘पिंपळगाव बु.’, ‘पिंपळगांव बु॥’, ‘पिंपळगाव बुद्रुक’ आणि ‘पिंपळगाव (बु)’ अशा अनेक रूपांत आलेले आहे. (पिंपळगाव हे केवळ उदाहरण समजावे, या नावाची गावे आपल्याकडे अनेक तालुक्यांत आहेत.) ‘पिंपळगाव खु.’ हे महसुली दृष्टीने वेगळे गाव असते. दोन्ही गावांची सरमिसळ झाली, तर एका शेतकऱ्याचा गट क्रमांक भलत्याच गावाच्या सातबाऱ्याशी जोडला जाईल आणि पीकविम्यापासून अनुदानापर्यंत पुढचे सगळे त्या चुकीच्या नोंदीवर चालेल. म्हणून हे काम अंदाजाने न करता नीट पॅटर्न (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात काय शोधायचे हे खुणांनी सांगणारे सूत्र) लिहून करावे, अशी माझी इच्छा आहे.

मी पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा वापरतो. शब्दाची सीमा दाखवणारी बॅकस्लॅश-बी ही खूण दोन्ही बाजूंना ठेवून मधे ‘बु’ लिहिले, म्हणजे स्वतंत्र ‘बु’ तेवढा सापडेल आणि ‘बुद्रुक’मधला ‘बु’ वगळला जाईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात हा पॅटर्न ‘पिंपळगाव बुद्रुक’मध्ये जुळतो, ‘बुलढाणा’मध्येही जुळतो, आणि ‘पिंपळगाव बु.’ मध्ये मात्र जुळत नाही. हाच पॅटर्न रोमन लिपीतील संक्षेपांवर अगदी बरोबर चालतो. हे असे का होत असावे आणि देवनागरीसाठी योग्य रीत कोणती, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मांजरथडी

आपण नेमके उदाहरण दिले आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल.

बॅकस्लॅश-बी हे स्वतः कोणतेही चिन्ह नाही. एका बाजूला ‘शब्दातले चिन्ह’ आणि दुसऱ्या बाजूला ‘शब्दाबाहेरचे चिन्ह’ असेल, त्या सांध्यावर ते जुळते. शब्दातले चिन्ह कोणते, हे बॅकस्लॅश-डब्ल्यूच्या व्याख्येवरून ठरते. पायथनसोबत येणाऱ्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलमध्ये (पॅटर्न चालवणाऱ्या तयार संचात) या व्याख्येत अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढीच चिन्हे येतात. युनिकोडने (सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाने) काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षर म्हणून नव्हे, तर ‘मार्क’ या वेगळ्या गटात ठेवले आहे, आणि म्हणून हे मॉड्यूल त्यांना शब्दाबाहेरचे समजते. बॅकस्लॅश-डब्ल्यूपुढे अधिकचे चिन्ह (‘एक किंवा अधिक वेळा’ या अर्थाचे) ठेवून ‘लातूर’ या शब्दावर चालवून पाहावे. उत्तर ‘ल’, ‘त’, ‘र’ असे तीन तुकड्यांत येते. ‘मराठवाडा’ दिल्यास ‘मर’, ‘ठव’, ‘ड’ असे येते.

आता आपला ‘बु’ पाहू. तो ‘ब’ आणि उकार अशा दोन चिन्हांचा बनलेला आहे. ‘बु.’ मध्ये उकार शब्दाबाहेरचा आणि त्यानंतरचे टिंबही शब्दाबाहेरचे, म्हणून तेथे सीमा नाही. ‘बुद्रुक’मध्ये उकारानंतर ‘द’ आहे, ‘बुलढाणा’मध्ये ‘ल’ आहे. हे दोन्ही शब्दातले, म्हणून त्यांच्या आधी सीमा आहे. यंत्र नियमाप्रमाणेच वागत आहे. नियम ठरवताना मात्र आपली लिपी विचारात घेतली गेलेली नाही, आणि मला हे खटकते. त्याच पायथनमध्ये चलाला ‘गावाचे_नाव’ असे देवनागरी नाव दिले तर ते चालते, म्हणजे नावे वाचणारा भाग मात्रांना शब्दाचाच भाग मानतो आणि मजकूर शोधणारा भाग मानत नाही.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, ‘रेजेक्स’ नावाचे वेगळे मॉड्यूल स्थापित करून वापरावे. त्यात मात्रा व हलन्त शब्दाचा भाग धरले जातात आणि आपला मूळ पॅटर्न अपेक्षेप्रमाणे चालतो. दुसरा, सीमा स्वतः लिहावी. ‘आधी देवनागरी अक्षर किंवा मात्रा नसावी आणि नंतरही नसावी’ हे आपल्याला सांगायचे आहे. ते असे लिहिता येते :

(?<![अक्षरखूण])(बुद्रुक|बु[.॥]?)(?![अक्षरखूण])

येथे ‘अक्षरखूण’ या शब्दाच्या जागी युनिकोडमधील ०९०० ते ०९६३ हा पट्टा आणि त्यासोबत ०९७२ हे चिन्ह, म्हणजे ‘ॲ’, ठेवावे. देवनागरीचा संपूर्ण विभाग ०९०० पासून १२८ जागांचा आहे, पण तो जसाच्या तसा घेऊ नये. दंड आणि दुहेरी दंड ०९६४ व ०९६५ वर आहेत आणि त्यापुढे अंक आहेत. ते घेतले, तर ‘बु’नंतर जागा न सोडता अंक किंवा दंड आलेली नोंद नाकारली जाईल.

ज्यांना हेच जावास्क्रिप्टमध्ये करायचे असेल त्यांच्यासाठी : तेथे बॅकस्लॅश-डब्ल्यू केवळ रोमन अक्षरे, 0 ते 9 हे अंक आणि अधोरेषा ओळखते, त्यामुळे देवनागरी शब्दांच्या कडेला सीमा मुळी सापडतच नाही. तेथे स्वतःची सीमा लिहिण्याशिवाय पर्याय नाही.

गोदातीर

मांजरथडी यांच्या उत्तरात एका मूलभूत गोष्टीची भर घालतो, कारण या धाग्यातील बहुतेक अडचणी तिच्यातूनच निघतील. रेग्युलर एक्स्प्रेशनला आपण उच्चारतो ते अक्षर दिसत नाही. त्याला युनिकोडमधले सुटे चिन्ह, म्हणजे कोड पॉइंट, दिसते. ‘बीड’ हा शब्द आपल्यासाठी दोन अक्षरी आहे, पण पॅटर्नमधील टिंबाला (ते कोणत्याही एका चिन्हाशी जुळते) तो तीन चिन्हांचा आहे. ‘हिंगोली’ आपल्यासाठी तीन अक्षरांचा, यंत्रासाठी सात चिन्हांचा. ‘क्षी’ हे आपले एक अक्षर म्हणजे क, हलन्त, ष आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे होत. ‘गावाच्या नावात किमान तीन अक्षरे असावीत’ अशी अट टिंबे मोजून घातली, तर ती देवनागरीत काहीच सिद्ध करीत नाही.

हे एकदा मनात पक्के झाले की त्याचा उपयोगही करून घेता येतो. आपल्या यादीतील ‘गाव’ आणि ‘गांव’ यांचा प्रश्न एका प्रश्नचिन्हाने सुटतो :

पिंपळगां?व

रोमन लिपीची सवय असलेल्या वाचकाला वाटेल की येथे ‘गां’ हे संपूर्ण अक्षर ऐच्छिक झाले. तसे नाही. प्रश्नचिन्ह त्याच्या लगेच आधीच्या एकाच चिन्हाला लागू होते, आणि ते चिन्ह अनुस्वार आहे. ‘ग’ आणि काना आपापल्या जागी कायम राहतात. संपूर्ण अक्षर ऐच्छिक करायचे असेल तर त्याला गोल कंसात घालावे लागेल.

चौकटी कंसाबाबत मात्र फार जपावे. अंबाजोगाई हे नाव ‘अंबेजोगाई’, ‘आंबेजोगाई’ असेही लिहिले जाते. त्यासाठी काही जण [बाबे] असे लिहितात आणि त्याचा अर्थ ‘बा किंवा बे’ असा धरतात. चौकटी कंस नेहमी एकच सुटे चिन्ह घेतो. येथे त्याचा अर्थ ‘ब, किंवा काना, किंवा एक मात्रा, यांपैकी कोणतेही एक’ असा होतो, आणि ‘बा’ ही दोन चिन्हे असल्यामुळे ती त्यात बसत नाहीत. नुसत्या मात्रा चौकटी कंसात ठेवणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण पडद्यावर त्या मात्रा तुटक वर्तुळावर किंवा शेजारच्या कंसावर चढलेल्या दिसतात आणि महिन्याभराने तो पॅटर्न लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही. माझी शिफारस अशी आहे की देवनागरीत पर्याय देताना पूर्ण अक्षरे गोल कंसात द्यावीत :

(अं|आं)(बा|बे)जोगाई

लिहायला दोन चिन्हे जास्त लागतात, पण दुसऱ्या माणसाला ते वाचून तपासता येते. ज्या कामावर लोकांच्या जमिनीच्या नोंदी अवलंबून आहेत, तेथे ही वाचनीयता मला वेगापेक्षा महत्त्वाची वाटते.

पूर्णाथडी

मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थी अर्जातील नाव मराठीतच आहे ना, हे तपासण्यासाठी सर्रास पुढील पॅटर्न लिहितात, आणि इंटरनेटवरील अनेक नमुन्यांतही तो आढळतो :

^[अ-ज्ञ]+$

वर्णमाला ‘अ’पासून सुरू होते आणि ‘ज्ञ’वर संपते, त्यामुळे हे त्यांना स्वाभाविक वाटते. तो नेमका का चालत नाही, हे येथे सविस्तर नोंदवले गेले तर मला वर्गात हा धागाच दाखवता येईल.

गोदातीर

पूर्णाथडी ताई, आपण अतिशय चांगले उदाहरण दिले आहे.

‘ज्ञ’ हे युनिकोडमध्ये एक चिन्ह नाही. ते ज, हलन्त आणि ञ अशी तीन चिन्हे आहेत. म्हणून चौकटी कंसातील मजकूर यंत्र असा वाचते : ‘अ’पासून ‘ज’पर्यंतचा पट्टा, शिवाय हलन्त, शिवाय ञ. म्हणजे झ गेला, ट-वर्ग गेला, त-वर्ग आणि प-वर्ग गेले, य ते ह सगळी गेली, आणि हलन्त सोडला तर एकही स्वरचिन्ह आत आले नाही. ‘लातूर’मधील एकही चिन्ह या वर्गात बसत नाही. ‘औसा’मधील ‘औ’ तेवढा बसतो. ‘क्ष’सुद्धा बसत नाही, कारण त्यातील ‘ष’ बाहेर राहतो.

व्यंजनांसाठी [क-ह] हा पट्टा बरोबर आहे. युनिकोडमध्ये तो ०९१५ ते ०९३९ असा सलग आहे आणि आपला ‘ळ’ त्यात ‘ल’च्या पुढेच आहे, वर्णमालेप्रमाणे शेवटी नाही. पण केवळ व्यंजनांनी नाव तयार होत नाही. विद्यार्थ्यांना शक्य असेल तेथे युनिकोडच्या गुणधर्मांची खूण शिकवावी, म्हणजे बॅकस्लॅश-पी आणि महिरपी कंसात अक्षरांसाठी एल, चिन्हांसाठी एम. ही सोय जावास्क्रिप्टमध्ये २०१८ च्या प्रमाणापासून आहे, त्यासाठी ‘यू’ हा ध्वज लावावा लागतो. जावा आणि पर्लमध्येही ती आहे. पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये ती नाही, वर उल्लेख झालेल्या ‘रेजेक्स’मध्ये आहे. अर्थात एल आणि एम यांत जगातील सगळ्या लिप्या येतात, म्हणून ‘मराठीतच’ अशी अट असेल तर लिपीचे नावही त्याच खुणेने द्यावे लागते. आणि लिपी देवनागरी आहे एवढ्याने मजकूर मराठी ठरत नाही, हेही त्यांना सांगावे, कारण हिंदी आणि नेपाळीही याच लिपीत आहेत.

तेरणाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. ‘बु.’ आणि ‘खु.’ आता व्यवस्थित वेगळे होत आहेत. काही नोंदींत दुहेरी दंडाऐवजी कळफलकावरील दोन उभ्या रेघा टंकलेल्या आढळल्या, म्हणून चौकटी कंसात ती रेघही घेतली आणि प्रश्नचिन्हाऐवजी तारा (‘शून्य किंवा अधिक वेळा’) ठेवला : बु[.॥|]*

आता पुढची अडचण. यादीच्या शेऱ्यांच्या रकान्यात ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द शोधला असता काही ओळी सापडतात आणि काही सापडत नाहीत. न सापडणाऱ्या ओळींत तो शब्द डोळ्यांना तंतोतंत तसाच दिसतो.

मांजरथडी

ही अडचण मराठीला इतर देवनागरी भाषांपेक्षा अधिक भोगावी लागते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अर्धा ‘र’ आडव्या रूपात दाखवण्याच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. पहिल्या पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, त्यापुढे हलन्त आणि मग ‘य’ असतो. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, आणि मग ‘य’ असतो. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात : शेतकऱ्यांचे, शेतकर्‍यांचे. साठवणीत मात्र ते वेगळे आहेत. कोणता प्रकार येईल हे टंकणाऱ्याच्या कळफलकावर अवलंबून असते, म्हणून एकाच यादीत दोन्ही येतात. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर निरनिराळ्या रीतींनी साठवले असल्यास ते एका ठरावीक रूपात आणणारी प्रक्रिया) केल्याने हा भेद मिटत नाही. साधा ‘र’ आणि नुक्ता असे दोन तुकड्यांत लिहिलेले ‘ऱ’ त्या प्रक्रियेत एक होते, पण जोडकाचा प्रकार तसाच राहतो. तो आपल्याला स्वतः बदलावा लागतो : र, हलन्त आणि जोडक असा क्रम जेथे असेल तेथे ऱ आणि हलन्त ठेवावा.

काही जण घाईने अदृश्य जोडकच सगळीकडून काढून टाकतात. तसे अजिबात करू नये. जोडक काढला की ‘र्‍या’चा रफार होतो आणि अर्थ बदलतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे वेगवेगळे शब्द आहेत. आधी ‘ऱ’ची अदलाबदल आणि त्यानंतरच उरलेल्या जोडकांचा विचार, हा क्रम पाळावा. माझ्या पहिल्या प्रतिसादातील ‘अक्षरखूण’ या वर्गातही जोडक घालून ठेवावा, कारण तो देवनागरीच्या विभागाबाहेर राहतो आणि तेथे शब्द मधूनच तुटू शकतो.

याच जातीचे आणखी दोन भेद या यादीत निश्चित भेटतील. ‘ॲप’मधील ‘ॲ’ हे काही ठिकाणी एकच चिन्ह असते, तर काही ठिकाणी ‘अ’वर चंद्र अशी दोन चिन्हे, हेही एनएफसीने एक होत नाहीत. आणि विसर्गाच्या जागी कोलन टंकण्याची सवय फार जुनी आहे, म्हणून ‘दुःख’ किंवा ‘स्वतः’ शोधताना दोन्ही शक्यता धराव्यात.

बालाघाट

मी महसुली नोंदींच्या संगणकीकरणाशी संबंधित काम केले आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. गावांची नावे पॅटर्नने जुळवण्याचा हा सगळा खटाटोप मला मुळातच धोक्याचा वाटतो. केंद्र शासनाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक दिलेला आहे. तो क्रमांक यादीत भरून घेतला, तर बु. आणि खु. यांचा वादच उरत नाही. पॅटर्न कितीही बारकाईने लिहिला तरी तो आकार ओळखतो, खरेपणा ओळखत नाही. तारखेचा पॅटर्न लिहिल्यावर त्यात ४५/१९/२०२४ ही ‘तारीख’ही बसतेच.

तेरणाकाठ

बालाघाट साहेब, आपले म्हणणे तत्त्वतः मान्य आहे. तथापि सभासदांनी अर्ज भरताना क्रमांक लिहिलेला नाही, नावच लिहिलेले आहे. त्या नावापासून क्रमांकापर्यंत पोहोचण्यासाठी मधला टप्पा लागणारच.

गोदातीर

मला वाटते दोन्ही कामे वेगळी आहेत आणि ती वेगळीच ठेवावीत. पॅटर्नने निर्णय घेऊ नये. पॅटर्नने फक्त लिहिण्यातले भेद काढून टाकावेत. ‘गांव’चे ‘गाव’ करावे, ‘बु॥’चे ‘बुद्रुक’ करावे, देवनागरी आणि इंग्रजी अंक एकसारखे करावेत. मग उरलेले स्वच्छ नाव त्या तालुक्याच्या अधिकृत यादीत शोधावे आणि जे सापडणार नाही ते माणसाने पाहावे. मूळ रकान्याला हात न लावता स्वच्छ रूप शेजारच्या नव्या रकान्यात ठेवावे, म्हणजे शंका आल्यास अर्जदाराने काय लिहिले होते ते कायम दिसेल.

तारखेचा विषय निघाला आहे म्हणून एक बारकावा. तारखेतील विभाजकासाठी अनेक जण [.-/] असे लिहितात. चौकटी कंसाच्या मधोमध आलेली आडवी रेघ ही रेघ राहत नाही, पट्ट्याची खूण होते. येथे टिंबापासून तिरक्या रेघेपर्यंतचा पट्टा तयार होतो आणि त्यात ही दोनच चिन्हे आहेत. परिणामी ०७-०३-२०२४ ही तारीख जुळत नाही, आणि कोणताही दोषसंदेश येत नाही. रेघ शेवटी ठेवावी : [/.-]

अंकांबाबतही भाषेनुसार फरक आहे. पायथनमध्ये बॅकस्लॅश-डी देवनागरी अंक ओळखते आणि ‘१४५’चे पूर्णांकात रूपांतरही होते, जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही होत नाही. म्हणून गट क्रमांकासाठी [0-9०-९] असा उघड वर्ग लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते.

दुधनाकाठ

हा धागा वाचून एक अनुभव नोंदवावासा वाटला. २०२३ साली औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे अधिकृतपणे बदलल्यानंतर अनेक ठिकाणी जुन्या मजकुरात ‘सगळीकडे बदला’ ही आज्ञा सरसकट चालवली गेली. मी पाहिलेल्या एका पशुसंवर्धनविषयक मजकुरात त्यामुळे ‘उस्मानाबादी शेळी’ची ‘धाराशिवी शेळी’ झाली होती, जरी शेळीची ती जात उस्मानाबादी याच नावाने नोंदलेली आहे. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, त्याचे नाव बदललेले नाही. अशा ठिकाणी बदल करण्याआधी नुसते शोधून यादी पाहणे आणि मगच बदलणे, एवढी शिस्त पाळली जावी.

याशिवाय मराठीचे प्रत्यय नावाला चिकटतात, आणि पुष्कळदा मूळ शब्दही बदलतो. ‘लातूर’ शोधताना ‘लातूरला’ आणि ‘लातूरकर’ मिळतील, पण ‘लातुरात’ मिळणार नाही, कारण तेथे उकार ऱ्हस्व झाला. ‘जालना’ शोधून ‘जालन्यात’ मिळत नाही. बाजारभावांच्या बातम्यांत ‘कापूस’ आणि ‘तूर’ शोधले तर ‘कापसाचे भाव’ आणि ‘तुरीची आवक’ निसटतात. माझ्या संग्रहासाठी मी पुढील पॅटर्न वापरतो :

ला(तू|तु)र
जाल(ना|न्या)
काप(ूस|सा)
(तूर|तुरी)

यापैकी तिसऱ्यात गोल कंस उकाराने सुरू होतो. गोदातीर यांच्या सल्ल्याप्रमाणे तो (कापूस|कापसा) असा लिहिणे अधिक चांगले, आणि मी आता तसाच बदलला आहे. ‘तूर’ हा मात्र अगदी लहान शब्द असल्याने सीमेशिवाय वापरता येत नाही. ‘तूर’ हा ‘लातूर’मध्येही आहे.

मांजरथडी

दुधनाकाठ यांच्या शेवटच्या पॅटर्नविषयी एक सूचना. पर्लच्या वळणाच्या यंत्रांत, म्हणजे पायथन, जावा, जावास्क्रिप्ट यांत, उभ्या रेघेने दिलेले पर्याय डावीकडून तपासले जातात आणि पहिला जुळणारा स्वीकारला जातो. (तूर|तुरी) मध्ये उकार वेगवेगळे असल्याने अडचण नाही, पण (बु|बुद्रुक) असे लिहिले तर ‘बुद्रुक’मधून फक्त ‘बु’ उचलला जातो आणि ‘द्रुक’ मागे राहतो. पुढे सीमेची अट असेल तर यंत्र मागे फिरून दुसरा पर्याय घेते. अट नसेल तर घेत नाही. लांब पर्याय आधी ठेवण्याची सवय लावावी. पॉझिक्स या युनिक्स-वळणाच्या प्रमाणाची ग्रेप व ऑक ही मजकूर शोधण्याची साधने सर्वांत लांब जुळणी घेतात, त्यामुळे तोच पॅटर्न तेथे वेगळे उत्तर देऊ शकतो.

तेरणाकाठ

गट क्रमांकाचा पॅटर्नही तपासून द्यावा, ही विनंती. नोंदी ‘गट क्र. १४५/२/अ’ अशा प्रकारच्या आहेत. मी अंकांच्या भागासाठी पुढील पॅटर्न लिहिला आहे. बहुतेक ओळींवर तो चालतो, पण काही ओळींवर प्रोग्रॅम तेथेच थांबून राहतो. त्या ओळींत चुकून गट क्रमांकाच्या रकान्यात दोन-तीन लांब क्रमांक सलग भरले गेले आहेत आणि शेवटी एखादे अक्षर आहे.

^([0-9०-९]+/?)+$

गोदातीर

प्रोग्रॅम थांबलेला नाही. तो शक्यता मोजत बसला आहे. आपल्या पॅटर्नमध्ये आत एक ‘अधिक’ आहे, बाहेर दुसरा ‘अधिक’ आहे, आणि मधली तिरकी रेघ ऐच्छिक आहे. त्यामुळे सलग अंकांची एकच रांग असंख्य प्रकारे तोडता येते : सगळे अंक एका गटात, किंवा एक अंक पहिल्या गटात आणि बाकीचे दुसऱ्यात, आणि असेच पुढे. शेवटी अक्षर आल्यामुळे जुळणी फसते, आणि मागे फिरून शोधणारे यंत्र ‘वेगळ्या रीतीने तोडले तर जुळेल का’ हे प्रत्येक प्रकारासाठी पाहते. तीस अंकांची रांग असेल तर असे प्रकार ५३ कोटींहून अधिक होतात, आणि प्रत्येक वाढीव अंकामागे ते दुप्पट होतात.

हा दोष किरकोळ नाही. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले होते. ओळीच्या कडेच्या रिकाम्या जागा काढणारा एक साधा पॅटर्न आणि सुमारे २०,००० रिकाम्या जागा असलेली एक नोंद एवढेच त्यामागचे कारण होते. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या कंपनीच्या सेवेत २७ मिनिटांचा खंड पडला, त्याचे मूळही सुरक्षा नियमातील एका पॅटर्नमध्येच होते.

दुःखाची गोष्ट अशी की हे टाळण्याची रीत फार आधीपासून माहीत आहे. गणितज्ञ स्टीफन क्लीन यांनी मज्जातंतूंच्या गणिती प्रतिकृतीचा अभ्यास करताना या संकल्पनेची मांडणी केली, ती १९५६ मध्ये छापली गेली. आपण वापरतो तो तारा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये सर्व शक्यता एकाच वेळी पुढे नेत मजकूर एकदाच वाचण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे १९७३ मध्ये युनिक्समध्ये ग्रेप आले. त्या पद्धतीत मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ लागतो. गूगलने २०१० मध्ये खुले केलेले आरई-टू हे पॅटर्न चालवणारे यंत्र, तसेच गो आणि रस्ट या भाषांची प्रचलित यंत्रे याच मार्गाने जातात. मात्र त्यांत मांजरथडी यांनी वापरलेली ‘आधी हे नसावे, नंतर हे नसावे’ ही सोय मिळत नाही, म्हणून आपल्या कामासाठी मी यंत्र बदलण्यापेक्षा पॅटर्न बदलण्याचा सल्ला देईन :

^[0-9०-९]+(/[0-9०-९]+)*(/[अ-ह])?$

येथे प्रत्येक नवा गट सुरू होण्यासाठी तिरकी रेघ सक्तीची आहे. त्यामुळे अंकांची रांग तोडण्याचा एकच मार्ग उरतो आणि न जुळणारी ओळ लगेच नाकारली जाते. शेवटच्या कंसात ‘अ’ ते ‘ह’ असा पट्टा ठेवला आहे, कारण पोटहिश्शाचे अक्षर एकच सुटे चिन्ह असते. ‘का’सारखे पोटहिस्से आपल्या यादीत असतील तर ते या पॅटर्नमधून गळतील, गळालेल्या ओळी वेगळ्या काढून पाहाव्यात.

पूर्णाथडी

आणखी एक प्रश्न विचारते. आमच्या विद्यार्थ्यांनी अभंगांच्या जुन्या टंकलिखित फायली घेतल्या आहेत. त्यांत दुहेरी दंड नाहीत. तेरणाकाठ यांच्या यादीप्रमाणेच ||१|| अशा उभ्या रेघा आहेत. चरण वेगळे करण्यासाठी विद्यार्थ्यांनी ||[०-९]+|| हा पॅटर्न दिला, तर तो मजकुरात प्रत्येक जागी ‘जुळला’ असे सांगतो.

मांजरथडी

उभी रेघ पॅटर्नमध्ये ‘किंवा’ या अर्थाने वाचली जाते. आपल्या पॅटर्नचा अर्थ ‘काहीही नाही, किंवा काहीही नाही, किंवा अंक, किंवा…’ असा झाला, आणि ‘काहीही नाही’ प्रत्येक जागी जुळतेच. तेरणाकाठ यांची रेघ चौकटी कंसाच्या आत होती, तेथे ती साधे चिन्ह असते, म्हणून त्यांना ही अडचण आली नाही. आपण प्रत्येक रेघेआधी बॅकस्लॅश द्यावा :

\|\|[०-९]+\|\|

काही फायलींत रेघांच्या आणि अंकाच्या मधे रिकामी जागा असेल, तर अंकाच्या दोन्ही बाजूंना जागा आणि तारा ठेवावा. ‘धृ’ असलेले चरणही असतील, त्यासाठी ([०-९]+|धृ\.?) असा पर्याय द्यावा. फायली श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतील तर मात्र यांपैकी काहीच चालणार नाही. तेथे पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी साठवणीत रोमन चिन्हे असतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे लागेल. फायलीतील चार ओळी येथे चिकटवल्यात तर ती कोणत्या प्रकारची आहे, हे सांगता येईल.